खुर्चीची दोन वर्षे, शिपायाचे आठ तास

३० एप्रिल २०२५ रोजी विवेक फणसळकर मुंबईच्या पोलिस आयुक्तपदावरून निवृत्त झाले आणि देवेन भारती यांनी सूत्रे हाती घेतली. फणसळकर भारतीय पोलिस सेवेच्या १९८९ च्या तुकडीचे. ३० जून २०२२ ला ते आयुक्त झाले होते, म्हणजे जवळपास तीन वर्षे त्यांना मिळाली. अलीकडच्या मुंबईचा इतिहास पाहता हा काळ लांबच म्हणायचा. पुढे जानेवारी २०२६ च्या सुरुवातीला राज्याच्या पहिल्या महिला पोलिस महासंचालक रश्मी शुक्ला यांचाही कार्यकाळ संपला आणि सदानंद दाते त्या जागी आले. वर्षभरात दोन मोठ्या खुर्च्यांवरची माणसे बदलली.

पोलिस दलातला निरोप साधा नसतो. मैदानावर संचलन होते, मानवंदना दिली जाते. शेवटी फुलांनी सजवलेल्या जीपला दोर बांधून हाताखालचे अधिकारी ती ओढत फाटकापर्यंत नेतात. त्याआधी जाणारा प्रमुख बोलतो. गेल्या काही दशकांतली अशी निरोपाची भाषणे ऐकली, वाचली, तर एक गोष्ट जाणवते. गुन्ह्यांचे तपास, टोळ्या, अतिरेकी हल्ले, निवडणुकीचे बंदोबस्त यांवरून फिरत फिरत भाषण अखेर शिपायापाशी येते. सणासुदीला रस्त्यावर उभा असलेला शिपाई, घरी वाट पाहणारी त्याची मुले, बारा-चौदा तासांची ड्युटी. प्रमुख त्याचे आभार मानतो आणि निघून जातो.

हे आभार मनापासूनचे असतात, यात मला शंका नाही. पण प्रत्येक प्रमुखाला जाताना त्याच माणसाची तीच दैना आठवावी, असे का होते? याचे उत्तर शोधायचे तर प्रमुखाला खुर्चीत किती काळ मिळतो आणि शिपायाला दिवसातले किती तास स्वतःचे मिळतात, या दोन्ही गोष्टींचा इतिहास एकत्र वाचावा लागतो. एरवी ते वेगवेगळे सांगितले जातात. पहिला न्यायालयाच्या निकालांत सापडतो, दुसरा पोलिस वसाहतींत.

मुंबईच्या आयुक्तपदाचा आरंभ १८६४ चा. त्याआधी, १८५७ च्या धामधुमीत, शहराची पोलिस व्यवस्था चार्ल्स फोर्जेट या अधिकाऱ्याच्या हाती होती. तो हिंदुस्थानातच वाढलेला, मराठी सफाईने बोलणारा, वेषांतर करून वस्त्यांत फिरणारा. त्या वर्षी दिवाळीत होऊ घातलेला उठाव त्याने हेरला आणि पकडलेल्या दोघांना एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. ब्रिटिश सत्तेला आणि शहरातल्या धनिकांना तो हवाहवासा होता. तो गेल्यावर ताडदेवच्या एका रस्त्याला त्याचे नाव मिळाले, ते आजही आहे. फोर्जेटच्या काळात पोलिस म्हणजे एका माणसाची करामत होती. त्याच्या हाताखाली कोण होते, ते कुठे राहत, त्यांना काय पगार मिळे, याची चर्चा फारशी नव्हती.

१८६४ साली फ्रँक साउटर पहिले पोलिस आयुक्त झाले आणि १८८८ पर्यंत, तब्बल चोवीस वर्षे, त्या पदावर राहिले. आज हा आकडा अविश्वसनीय वाटतो. गिरण्या उभ्या राहिल्या, कोकणातून आणि देशावरून माणसांचे लोंढे आले, शहराची वस्ती वाढत गेली, आणि या साऱ्या काळात पोलिसांचा प्रमुख एकच होता. या दीर्घ काळाचे फायदे साउटर यांना मिळाले, तसे त्याचे ओझेही त्यांच्यावरच पडले. मनुष्यबळ अपुरे आहे, शिपायांना राहायला जागा नाही, ही रड आयुक्तालयाच्या इतिहासात इतक्या लवकर सुरू होते. साउटर निवृत्त झाले आणि काही महिन्यांतच निलगिरीत वारले.

त्यांच्यानंतरच्या आयुक्तांना पाच-सात वर्षे, कोणाला त्याहून कमी काळ मिळाला. विन्सेंट यांच्या कारकिर्दीत १८९३ ची दंगल झाली आणि १८९६ ला प्लेग आला. त्याच सुमारास क्रॉफर्ड मार्केटसमोरची दगडी इमारत पूर्ण झाली आणि आयुक्तालय तिथे गेले. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, तेव्हा गेल आयुक्त होते. मोहरमच्या मिरवणुकांतले दंगेही त्याच काळातले. पोलिस खात्यातला माणूस पुरा पडत नाही असे सरकारला वाटले आणि १९०९ मध्ये मुलकी सेवेतले एस. एम. एडवर्ड्स यांना आयुक्त म्हणून आणले गेले.

एडवर्ड्स यांच्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण जाणाऱ्या प्रमुखाने आपल्या दलाबद्दल सविस्तर लिहून ठेवल्याचे मुंबईतले सर्वांत जुने ठळक उदाहरण त्यांचेच आहे. १९१६ मध्ये पद सोडल्यावर त्यांनी शहर पोलिसांचा इतिहास लिहिला आणि तो १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची मांडणीच बोलकी आहे. फोर्जेटपासून पुढे प्रकरणांना आयुक्तांची नावे आहेत. एक आयुक्त, एक प्रकरण. जणू दलाचा इतिहास म्हणजे त्याच्या प्रमुखांची चरित्रे. पण आत शिरले की शिपाई डोकावत राहतो. त्याचा तुटपुंजा पगार, चाळीतली खोली, अपुरी भरती हे विषय लेखकाला टाळता येत नाहीत. दलातले बहुसंख्य शिपाई रत्नागिरीकडचे मराठे. गावी शेतीचा तुकडा, मुंबईत खोलीत पाच-सात जण, आणि अंगावर सरकारी डगला. मुंबईच्या कित्येक मराठी घरांत पणजोबांच्या नोकरीची गोष्ट अशीच सुरू होते.

कायद्याकडे पाहिले तर शिपायाची जागा त्याहून स्पष्ट दिसते. १८५७ नंतर सरकारने पोलिस आयोग नेमला आणि त्यातून १८६१ चा पोलिस कायदा आला. मुंबई इलाख्याने आपले वेगळे कायदे केले, पुढे १८९० आणि १९०२ मध्ये जिल्ह्यांसाठी आणि शहरासाठी स्वतंत्र कायदे झाले, पण सर्वांचा गाभा तोच. वर हुकूम देणारे मोजके गोरे अधिकारी आणि खाली हुकूम पाळणारे हजारो देशी शिपाई. शिपायाने विचार करणे अपेक्षित नव्हते. लॉर्ड कर्झनच्या काळात अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली १९०२-०३ मध्ये जो आयोग बसला, त्याने पोलिसांच्या कारभारावर अत्यंत कडक शब्दांत टीका केली. त्यानंतर अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाकडे लक्ष गेले. १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्याला पोलिस प्रशिक्षण शाळा निघाली आणि १९०९ मध्ये ती नाशिकला हलवली. आजची महाराष्ट्र पोलिस अकादमी ती हीच.

स्वातंत्र्य आले तेव्हा ए. ई. कॅफिन यांच्याकडून जे. एस. भरुचा यांनी आयुक्तपद घेतले. ते मुंबईचे पहिले भारतीय पोलिस आयुक्त. खुर्चीवरचा माणूस बदलला, पण कायद्याचा सांगाडा तसाच राहिला. १९५१ मध्ये मुंबई पोलिस अधिनियम झाला. आज तो महाराष्ट्र पोलिस अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्यातले कलम २८ वाचण्यासारखे आहे. पोलिस अधिकारी, आणि या कायद्याच्या भाषेत त्यात शिपाईही आला, हा नेहमीच कर्तव्यावर आहे असे मानले जाईल आणि राज्यात कुठेही त्याला कामाला लावता येईल, असे ते सांगते. १८६१ च्या कायद्यातली तरतूदही याच अर्थाची होती. साहेबाच्या राज्यातला हा विचार आपण स्वतंत्र देशाच्या कायद्यात उतरवला. कारखान्यातल्या कामगाराला १९४८ च्या कायद्याने दिवसाचे तास ठरवून मिळाले होते. गणवेशातल्या माणसाला, तीन वर्षांनी झालेल्या कायद्यात, चोवीस तास मिळाले.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर २ जानेवारी १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते राज्य पोलिसांना ध्वज मिळाला. तो दिवस अजूनही स्थापना दिन म्हणून पाळतात. ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीद त्याच दलाचे. मात्र वसाहतीतली खोली आणि हजेरी मास्तराने लावलेली ड्युटी यांत ध्वजामुळे फरक पडला नाही. पोलिस ठाण्यात हजेरी मास्तराला किती महत्त्व असते हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आज कोणाला नाकाबंदी, कोणाला न्यायालय, कोणाला आरोपी पार्टी म्हणजे आरोपींची ने-आण, कोणाची साप्ताहिक सुट्टी बंदोबस्तापायी रद्द, हे त्याच्या वहीत ठरते. शिपायाच्या दृष्टीने दलाचे नेतृत्व रोज सकाळी त्या वहीतूनच भेटते.

असंतोष साठत होता. १९७९ च्या मे-जूनमध्ये पंजाबपासून पोलिसांची आंदोलने सुरू झाली आणि केंद्रीय दलांपर्यंत पोहोचली. त्याआधीच, १९७७ मध्ये, जनता सरकारने धर्म वीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलिस आयोग नेमला होता. त्याचे एक सदस्य के. एफ. रुस्तमजी. नागपूरजवळच्या कामठीचे, मध्य प्रांत-वऱ्हाडच्या पोलिसांत घडलेले, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. या आयोगाने १९७९ ते १९८१ या काळात आठ अहवाल दिले. पहिला अहवाल प्रामुख्याने शिपायावर होता: त्याचा पगार, घर, कामाचे तास, तक्रार करण्याची सोय, साहेबाच्या घरी ऑर्डर्ली म्हणून राबणे. दुसऱ्यात आयोग प्रमुखाकडे वळला. त्याला चार वर्षांचा निश्चित कार्यकाळ द्यावा, त्यावर राजकीय लहरीचा परिणाम होऊ नये म्हणून राज्य पातळीवर स्वतंत्र आयोग असावा, असे त्याने सुचवले. शिपायाचे तास आणि प्रमुखाची वर्षे हे प्रश्न शेजारी शेजारी मांडणारा हा पहिला मोठा दस्तऐवज. आयोगाला जे दिसले ते पुढच्या सरकारांना दिसले नाही असे म्हणवत नाही. दिसले, पण सोयीचे नव्हते. अहवाल कपाटात गेले.

मुंबईला त्याची किंमत लवकरच मोजावी लागली. १९८२ हे शहराचे जळते वर्ष. जानेवारीत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झालेला. फेब्रुवारीत ज्युलिओ रिबेरो आयुक्त झाले. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. याच वर्षी राज्याच्या पोलिस प्रमुखाचे पद महानिरीक्षकाऐवजी महासंचालकाचे झाले आणि रीगल सिनेमासमोरच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये त्याचे मुख्यालय आले. वर पदांची उंची वाढत होती, तेव्हा खाली शिपायांच्या संघटनेची आणि सरकारची जुंपली होती. १५ ऑगस्टला शिपायांनी काळ्या फिती लावल्या. सरकारने संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना पकडले. १८ ऑगस्टला नायगाव, वरळी, दादर भागांत पोलिस आणि त्यांच्या घरची माणसे रस्त्यावर आली. संपकरी गिरणी कामगारही त्यांत मिसळले. लोकलगाड्या थांबल्या, जाळपोळ झाली, लष्कर आणि सीमा सुरक्षा दल बोलवावे लागले. काहींचा जीव गेला, अनेक शिपाई बडतर्फ झाले.

या दिवसाकडे बघताना कोणाची बाजू घ्यायची हे ठरवणे अवघड जाते. शस्त्र बाळगणाऱ्या दलाने शहर वाऱ्यावर सोडणे मान्य करता येत नाही, आणि रिबेरो यांच्यापुढे शिस्त परत आणण्यावाचून मार्ग नव्हता. पण नायगाव-वरळीच्या बीडीडी चाळींतल्या एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्या, ज्या १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या आणि ज्यांत पोलिसांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, त्या खोल्या खऱ्या होत्या. बारा तासांच्या ड्युट्या खऱ्या होत्या. संघटना गेली. पोलिसांच्या संघटना स्वातंत्र्यावर मर्यादा घालणारा १९६६ चा केंद्रीय कायदा होताच. त्यानंतर शिपायाला आपले गाऱ्हाणे मांडायला उरले ते अधिकाऱ्याचे ओआर, म्हणजे साहेबासमोर उभे राहून म्हणणे मांडायची ‘ऑर्डर्ली रूम’, आणि प्रमुखाचा दरबार. म्हणजे सारे काही त्या प्रमुखाच्या स्वभावावर आणि तो किती काळ टिकतो यावर येऊन ठेपले. माझ्या मते आजच्या निरोपाच्या भाषणांची मुळे १९८२ च्या त्या ऑगस्टमध्ये आहेत. शिपायाच्या वतीने बोलणारे दुसरे कोणी उरले नाही, म्हणून प्रमुख बोलतो. आणि तेही बहुधा जाताना.

पुढची दहा वर्षे मुंबईला अधिकच कठीण गेली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत श्रीकांत बापट आयुक्त होते. त्यांना बदलून ए. एस. सामरा आले. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने पोलिसांच्या वर्तनावर ओढलेले ताशेरे सर्वश्रुत आहेत. प्रमुखाची बदली हा सरकारचा आवडता उपाय होत गेला, तो याच काळापासून. काही बिघडले की माणूस हलवायचा. दल मात्र तेच, ठाणी तीच, खोल्या त्याच.

बदलीच्या या खेळाला आवर घालायला निवृत्त पोलिस अधिकारीच पुढे आले. उत्तर प्रदेश आणि आसामचे पोलिस प्रमुख राहिलेले, सीमा सुरक्षा दलाचेही नेतृत्व केलेले प्रकाश सिंह १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. मागणी साधी होती: राष्ट्रीय पोलिस आयोगाच्या शिफारशी अमलात आणा. दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, सरन्यायाधीश सभरवाल यांच्या पीठाने निकाल दिला. राज्याचा पोलिस प्रमुख संघ लोकसेवा आयोगाने निवडलेल्या तीन ज्येष्ठ अधिकाऱ्यांतून घ्यावा. निवृत्तीची तारीख काहीही असो, त्याला किमान दोन वर्षे मिळावीत. परिक्षेत्र, जिल्हा आणि ठाण्याच्या प्रमुखांनाही दोन वर्षे. बदल्यांसाठी पोलिसांचेच आस्थापना मंडळ, तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण, तपास आणि बंदोबस्ताची कामे वेगळी. आयोगाची चार वर्षे न्यायालयात पोहोचेपर्यंत दोन झाली होती, तरी निकाल ऐतिहासिकच.

राज्यांनी पळवाटा शोधल्या. कायमचा महासंचालक नेमायचाच नाही, कोणाकडे तरी कार्यभार द्यायचा. ३ जुलै २०१८ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने ही वाट बंद केली आणि १३ मार्च २०१९ ला आणखी स्पष्ट केले की निवृत्तीला किमान सहा महिने उरलेल्यांचाच विचार व्हावा. तरीही महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून संजय पांडे महासंचालकपदाचा अतिरिक्त कार्यभार सांभाळत होते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रजनीश सेठ यांची नियमित नेमणूक झाली. मग पांडे मुंबईचे आयुक्त झाले, चार महिन्यांसाठी. मार्च २०२१ ते जून २०२२ एवढ्या काळात परमबीर सिंह, हेमंत नगराळे, संजय पांडे आणि फणसळकर असे चार आयुक्त मुंबईने पाहिले. बदली बढतीच्या रूपातही येते. सप्टेंबर २०१५ मध्ये राकेश मारिया यांना महासंचालक दर्जा मिळाला आणि त्याच झटक्यात आयुक्तपद गेले. निवडणूक आयोगाचा हातही लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर रश्मी शुक्ला यांना आयोगाने हटवले, संजय वर्मा आले, आणि निकालानंतर शुक्ला परतल्या.

नेतृत्व म्हणजे नेमके काय, हे मात्र नेमणुकीच्या कागदांपेक्षा २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समजले. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर हे तिघे वरिष्ठ अधिकारी कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत मारले गेले. सदानंद दाते कामा रुग्णालयात जखमी होऊनही हल्लेखोरांना रोखून धरत होते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वे पोलिसांचे शशांक शिंदे धारातीर्थी पडले. गिरगाव चौपाटीवर साताऱ्याच्या जावळी खोऱ्यातल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे, लष्करातून येऊन पोलिसात लागलेले सहायक उपनिरीक्षक, हातात फक्त लाठी असताना कसाबच्या रायफलीची नळी धरून राहिले. करकरे, कामटे, साळसकर आणि ओंबळे या चौघांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले.

त्यानंतर राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने त्या रात्रीचा अभ्यास केला. पोलिसांच्या वैयक्तिक शौर्याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. तिला खटकले ते वेगळे. गोळीबाराच्या सरावाला पुरेसा दारूगोळा नव्हता, ठरवून दिलेल्या कार्यपद्धती पाळल्या गेल्या नाहीत, आणि आयुक्त हसन गफूर यांचे नेतृत्व दलाला दिसायला हवे होते तसे दिसले नाही. शेवटचा मुद्दा खूप गाजला. गफूर यांच्यावर तो अन्याय होता की नाही यावर वाद होऊ शकतो, आणि खात्यात तो होतही राहिला. माझे लक्ष जाते दारूगोळ्याकडे. सराव, साधने, वाहने ही कामे एका वर्षात उभी राहत नाहीत. एका आयुक्ताने मागणी करायची, दुसऱ्याने पाठपुरावा करायचा, तिसऱ्याने माल ताब्यात घ्यायचा. मध्येच खुर्ची रिकामी होत राहिली की ही साखळी तुटते, आणि ती तुटली आहे हे समजते ते नेमक्या अशा रात्री.

२०१४ मध्ये महाराष्ट्राने आपल्या पोलिस कायद्यात दुरुस्ती केली. आस्थापना मंडळे आली. कलम २२-न ने कार्यकाळ ठरवला. उपअधीक्षक आणि त्यावरील अधिकाऱ्याला एका जागी साधारण दोन वर्षे, अंमलदाराला, म्हणजे शिपाई-हवालदारांच्या फळीतल्या माणसाला, पाच. त्याच कलमात अपवादाची खिडकीही ठेवली: सार्वजनिक हित आणि प्रशासकीय निकड असेल तर सरकार मुदतीआधी बदली करू शकते. या खिडकीतून किती जण बाहेर गेले हे पोलिस दलातला कोणीही सांगेल.

आणि मग देवनार. २०१६ मध्ये दत्ता पडसलगीकर मुंबईचे आयुक्त झाले. देवनार ठाण्यातल्या एका शिपायाने आहे त्याच मनुष्यबळात तीन पाळ्या कशा बसवता येतील याचा आराखडा कागदावर मांडला होता. आयुक्तांनी तो ऐकून घेतला. ५ मे २०१६ पासून देवनारमध्ये आठ तासांची ड्युटी प्रयोग म्हणून सुरू झाली. एक एक करत इतर ठाणी त्यात आली आणि १ जानेवारी २०१७ पासून शहरातल्या नव्वदहून अधिक ठाण्यांत ती लागू झाली. मुंबई पोलिसांच्या दीडशे वर्षांत शिपायाच्या दिवसाचे तास पहिल्यांदा एवढ्या व्यापक प्रमाणावर मोजले गेले. या घटनेचे मोल मला फार वाटते. शिपायाने विचार करू नये या पायावर उभारलेल्या दलात एका शिपायाचा विचार दलाचे वेळापत्रक झाला. प्रमुखाने मोठेपणा दाखवला तो ऐकण्यात. आणि तो आराखडा एका ठाण्यातून सगळ्या शहरात नेण्याएवढा वेळही पडसलगीकरांना मिळाला. ते जून २०१८ पर्यंत आयुक्त होते, नंतर महासंचालक झाले.

पुढे काय झाले तेही सांगायला हवे. नवे प्रमुख आले, मोठे बंदोबस्त आले, २०२० मध्ये करोना आला. पंचावन्नच्या वरच्या अंमलदारांना घरी थांबायला सांगावे लागले आणि उरलेल्यांवर ताण पडला. अनेक ठाणी जुन्या बारा तासांवर गेली. जानेवारी २०२२ मध्ये संजय पांडे यांनी महासंचालक म्हणून महिला अंमलदारांसाठी राज्यभर आठ तासांचा आदेश काढला. फेब्रुवारी २०२२ मध्ये शिपाई आणि हवालदार यांच्यामधले पोलिस नाईक हे पद रद्द करून पदोन्नतीची शिडी आखूड केली गेली, म्हणजे शिपाई म्हणून लागलेला माणूस उपनिरीक्षक होऊन घरी जाऊ शकेल. घरांच्या बाबतीत बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात पोलिस कुटुंबांना पाचशे चौरस फुटांचे घर किती रकमेत द्यायचे यावर २०२२ मध्ये घासाघीस झाली. पन्नास लाखांचा आकडा पंचवीसवर आणि अखेर पंधरा लाखांवर आला. ज्या चाळींतून १९८२ मध्ये माणसे रस्त्यावर उतरली होती, त्यांच्या मुला-नातवंडांना चाळीस वर्षांनी हा निर्णय मिळाला.

पदोन्नती आणि घर यांसाठी शासन निर्णय झाले. ते सहजासहजी मागे घेता येत नाहीत. आठ तासांचे तसे नाही. ती आयुक्ताची किंवा महासंचालकाची सूचना आहे. तो गेला, की पुढच्याने ती चालू ठेवायची की नाही हे त्याच्या मर्जीवर आणि समोरच्या बंदोबस्तावर. अधिनियमाचे कलम २८ अजून जसेच्या तसे आहे. प्रमुखाच्या दोन वर्षांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, कलम २२-न आहे, उच्च न्यायालयात दाद मागता येते. शिपायाच्या आठ तासांसाठी कायद्याच्या पुस्तकात एकही ओळ नाही. दोन लाखांच्या घरातल्या या दलासाठी ती ओळ विधिमंडळच लिहू शकते, आणि त्यासाठी राष्ट्रीय पोलिस आयोगाचा पहिला अहवाल १९७९ पासून सरकारदरबारी पडून आहे.